चौथी खेळाडू

शनिवारची दुपार माझी, हे मी घरात अनेकदा सांगून ठेवलं होतं आणि दर वेळी आई "हो गं बाई" म्हणाली होती. आईच्या "हो गं बाई"चा अर्थ इतक्या वर्षांत मला कळायला हवा होता.

आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. पुढे लोक आरशात बघून माना वाकड्या करतात. मागे मशीन, गार पाणी आणि मी. संध्याकाळी घरी आई. ती न्हाणीघरात पडली तेव्हा हाड मोडलं नाही, पण धसका असा बसला की आता तिला घरात एकटं राहवतच नाही; मी कामावर असताना शेजारच्या काकू येऊन बसतात. बाहेरगावी राहणारा दादा रविवारी फोन करतो, सगळी चौकशी करतो आणि फोन ठेवताना म्हणतो, "मला काही काळजी नाही. तू आहेस ना." हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मी आहे, हा जणू माझाच गुन्हा.

या खेळाबद्दल मला काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. मास्तर गोष्ट सांगत जातो, आपल्या पात्राने काय करायचं ते आपण बोलायचं आणि ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमचा मास्तर एरवी लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं आणि शनिवारी आम्हाला तळघरात कोंडायचं, असा त्याचा हिशेब.

मला भुरळ पडली ती वेगळ्याच गोष्टीची. हा खेळ एका संघटनेचा आहे. नाव नोंदवलं की आपल्याला एक नंबर मिळतो, आणि तो घेऊन कुठल्याही शहरात, कुठल्याही अनोळखी टेबलावर आपलं पात्र घेऊन बसता येतं. मी कुठे जाणार होते म्हणा. पण जाता येतं, एवढ्यावरच मी महिनाभर खूश होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर तयार पात्राचा कागद सरकवला. वैद्यीण. नव्या माणसाला वैद्यीण द्यायची, ही त्या टेबलाची रीतच होती, कारण ती कोणालाच नको असते. खेळायला येणाऱ्या वकीलबाई तलवार चालवणार, एक इलेक्ट्रिशियन मंत्र टाकून वीज पाडणार, आणि मी मागून मलमपट्ट्या करत धावणार. दोन शनिवार मी तेच केलं. छान सांभाळतेस, म्हणाले सगळे. एकदा तर वकीलबाई सरळ राक्षसाच्या तोंडात उडी मारायला निघाल्या. मी नको म्हटलं, तर त्या हसून म्हणाल्या, "मला काय होतंय? तू आहेस ना."

त्या दिवशी घरी येऊन मी माझं नवं पात्र, चोरटी, लिहून काढलं. बारीक चणीची, फटीतून निसटणारी, कोणाची कोणी नसलेली. नियम असा होता की तिसऱ्या डावापर्यंत पात्र बदलता येतं. तिसऱ्या डावात जे खेळाल ते तुमच्या नंबरावर कायमचं चढतं. म्हणजे तिसऱ्या शनिवारी चोरटी खेळायची, नाहीतर जन्मभर वैद्यीण.

तिसऱ्या शनिवारी आईजवळ बसायला दादा येणार होता. त्याने ऐन वेळी फोन करून जमत नसल्याचं सांगितलं. शेजारच्या काकू, ज्या आधी दोन्ही वेळा बसल्या होत्या, त्या लेकीकडे गेलेल्या. आई म्हणाली, तू जा, मी बसेन दाराशी. मग दाराशी बसून माझ्याकडे अशी बघत राहिली की मी तिला चपला घालायला लावल्या आणि सोबत नेलं.

तिथे चौथा गडी तापाने आडवा झाला होता. मास्तर सोडून चार खेळाडू नसतील तर संघटना तो डाव धरत नाही. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. मास्तरने तिला नंबर दिला, खुर्ची दिली आणि रीतीप्रमाणे वैद्यिणीचा कागद तिच्यापुढे ठेवला. मनातून मला बरंच वाटलं. सुटले, म्हटलं.

आईने चष्मा लावून कागद वाचला. मग तो दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

"हे नको. तुझ्या बाबांच्या अंथरुणाशी अकरा वर्षं हेच केलं मी," ती म्हणाली. "तुझ्या हातात काय आहे?"

माझ्या हातात चोरटी होती. मी ती घट्ट धरली होती. नाही म्हणता आलं असतं. पण दोघीही चोरट्या झाल्या आणि वैद्यीण नसली तर दुसऱ्या खोलीतच सगळे मरतील, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला, आणि आईने हात पुढे केला होता. खूप वर्षांनी तिने काहीतरी मागितलं होतं, जे औषध नव्हतं. मी कागद दिला. देताना मला तिचा राग आला होता, हेही सांगून टाकते.

आई खेळली मात्र झकास. तळघरात लोखंडी जाळी खाली आली तेव्हा आम्ही तिघं आत कोंडलो, आणि चोरटी फटीतून बाहेर निसटली. मास्तर म्हणाला, किल्ली झोपलेल्या पहारेकऱ्याच्या कमरेला आहे, घ्यायला जाल तर कदाचित सापडाल. दुसऱ्या बाजूला एक खिडकी उघडी आहे.

"खिडकीतून काय दिसतं?" आईने विचारलं.

मास्तरने याची तयारी केली नसावी. थोडा विचार करून तो म्हणाला, रस्ता दिसतो, लांबवर जाणारा.

"मग मी जाते," आई म्हणाली.

वकीलबाई चकित झाल्या. अहो, पण आमचं काय, त्यांनी विचारलं. आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याजवळ वैद्यीण आहे की." तिने फासा टाकला, आणि तोही मेला पुरा वीस पडला. ती चोरटी माझी होती. तिचं निसटणं मी माझ्यासाठी लिहिलं होतं, आणि त्या खिडकीतून आई निघून गेली होती.

डाव संपला. मास्तरने माझ्या नंबरापुढे कायमचं "वैद्यीण" लिहिलं. पुढचा डाव आम्ही कोंडलेलो आहोत तिथूनच सुरू होणार होता.

जिना उतरताना आईने माझा दंड धरला नाही. कठड्याला हात लावून ती चक्क माझ्यापुढे उतरली. पुढच्या वेळी चोरटी त्या रस्त्याने कुठवर जाईल, की परत येऊन आम्हाला सोडवेल, याचे बेत आखत ती कोपऱ्यापर्यंत चालली. तिथे गाड्यांची गर्दी बघून थांबली. आवाज एकदम बारीक झाला.

"पण दर शनिवारी मला इथवर आणणार कोण गं?"

त्यात लबाडी नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं: जिना उतरलीस तशी एकटी ये, नाहीतर दादाला विचार. दोन्ही वाक्यं जिभेवर होती.

"मी आहे ना," मी म्हणाले.

आईने नेहमीसारखा माझा दंड धरला आणि आम्ही रस्ता ओलांडला.