सयाजी पैलवानाची मान

"मामा, मान फिरवा म्हटलं मी, कंबर न्हवं," असं म्हणत प्रियदर्शनीनं मागून सयाजीचे दोन्ही खांदे दाबून धरले, आणि आठ दिवस आरशासमोर केलेली मेहनत मातीत गेली.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सयाजी बावीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवत होता. दर साली तपासणी व्हायची ती डोळ्यांची, कानांची, रक्तदाबाची. यंदा मानेचीही निघाली आणि त्यासाठी ही फिजिओथेरपीवाली मुलगी आली. मान कमी वळली तर गाडी हातची जाणार आणि ओतलेली कास्टिंग घासायच्या खात्यात बसावं लागणार, ही माहिती त्यानं आधीच काढून ठेवली होती. म्हणून कमरेतून इतक्या सफाईनं वळायला शिकला, की बघणाऱ्याला मानच वळल्यासारखी वाटावी. दुखणं बरं करायला माणूस जेवढे कष्ट घेत नाही तेवढे ते झाकायला घेतो. सयाजी त्यातला अव्वल.

खांदे धरल्यावर मान उजवीकडे बरी गेली. डावीकडे निम्म्यावरच अडली.

"थंडीनं आखडलीया जरा," तो म्हणाला. मे महिना चालू होता.

मग तिनं त्याला टेबलावर उताणं झोपायला सांगितलं. तरुणपणी सहा वर्षं तालमीत काढलेला गडी तो. पाठ टेकली म्हणजे कुस्ती गेली, एवढंच त्याला ठाऊक. आधी कोपरावर टेकला, मग कुशीवर झाला, शेवटी नाइलाजानं उताणा. तिनं त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं, हनुवटी छातीकडे नेली. अशानं मानेचा वरचा सांधा तेवढा कळतो, तिथं कंबर मदतीला येत नाही, असं ती म्हणाली. पण मान वळेचना. मान दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही, हे वस्तादानं पहिल्या दिवशी शिकवलेलं. ती डावीकडे न्यायला गेली की मान उजवीकडे जोर लावी.

"सैल सोडा की मामा."

"सोडलीया."

"मग वजन माझ्या हातात का येईना?"

तिनं जोर केला नाही. हात तसेच ठेवून, गाडी मागं घेताना डावीकडून कधी कुणी आडवं आलं होतं का, एवढंच विचारलं.

गेल्या गुरुवारी झाडलोट करणारी सोनूबाई डावीकडून आली होती. सयाजीची गाडी तिच्यापासून हातभरावर थांबली, तीही तिनं पत्र्यावर फावडं आपटलं म्हणून. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई नुसती त्याच्याकडे बघून निघून गेली, आणि तेव्हापासून त्याला झोप नव्हती.

"आलती," तो म्हणाला. "मला दिसली न्हाय."

आणि मान सुटली. भरल्या घागरीसारखं डोकं त्या पोरीच्या तळव्यांत जड झालं. उजवीकडे चाळीस अंश गेलं, डावीकडे पंधरावर कुलूप.

व्यायामानं पुष्कळ सुटेल, पण तीन महिने गाडी नको, असं तिनं सांगितलं. सांगितलं खरं, पण कागदावर पेन टेकवेना. वडिलांच्या वयाचा माणूस.

"लिवा की बाई. हाय ते लिवा," सयाजी शर्टाची बटणं लावत म्हणाला. "नाटक करत हुता, तेवढं मातुर लिवू नगा."

कागद पोचायच्या आधीच त्यानं सुपरवायझर अमरसिंहाच्या टेबलावर किल्ली ठेवली. घासायच्या खात्यात जायला मात्र साफ नकार दिला. गाडी मागं येताना इशारा करायला मागं एक माणूस उभा पाहिजे, हे बावीस वर्षांत कुणाला सुचलं नाही, ते काम मला द्या, म्हणून तासभर हटून बसला. अमरसिंह वैतागून हो म्हणाला.

सोमवारी गाडीवर पूर्णिमा नावाची नवी मुलगी बसली. सयाजी गाडीच्या मागं, डाव्या कोपऱ्याला, उन्हात उभा राहिला. तो हात हलवी तशी ती गाडी मागं घेई; मूठ मिटली की जागच्या जागी थांबे. दुपारपर्यंत उजवा हात भरून आला, तेव्हा त्यानं डावा वर केला.