खडकावरचा निरोप

मी पाणमांजर बोलतेय. नावातलं मांजर ऐकून दुधाची वाटी पुढे करू नका. मी मासे खाते, नदीकाठच्या बिळात राहते आणि काळजी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आमची झोप दिवसाची. पण काल दिवसभर डोळ्याला डोळा लागला नाही. लेक मोठी झाली, प्रवाहाबरोबर खाली गेली, ती परतलीच नाही. लहानपणी पाण्याला फार घाबरायची. मीच मानगुटीला धरून तिला डोहात ढकललं होतं. घाई केली का मी? आई म्हणजे जरा अतिच, असं वाटलं असेल का तिला? असले विचार.

आमच्या हाका फार लांब पोचत नाहीत. म्हणून पाण्यालगतच्या ठरलेल्या खडकावर आम्ही विष्ठा ठेवतो. नाक मुरडू नका. वासावरून कळतं, कोण आलं, केव्हा गेलं, बरं आहे ना. पूर्वी या खडकावर चार घरच्या बातम्या मिळायच्या. मग काठाला सिमेंटची भिंत आली, वाळूचे ट्रक आले, काहीजणी जाळ्यात गेल्या. आता खडकावर माझा एकटीचाच वास. तरी रोज ठेवते. लेक कधी आलीच, तर तिला कळायला हवं की आई इथेच आहे.

आज सकाळी माणसं आली. मला वाचवायला! हातात तशी पाटीच होती, माझ्या चित्रासकट. चित्रात मी जरा जाडच दिसत होते. त्यांनी सगळा काठ झाडून लख्ख केला. मी लव्हाळ्यात श्वास रोखून बसले.

"ताई, तेवढा खडक घासून घ्या," पुढारपण करणारा दादा म्हणाला. "त्याच्यावरच मोठ्या अक्षरात रंगवू, 'पाणमांजर वाचवा'!"

ताईच्या एका हातात ब्रश होता, दुसऱ्या हातात मुलीचा फ्रॉक. "पुढे जाऊ नकोस, घसरशील. टोपी घाल. पाण्यात हात घालू नकोस म्हटलं ना!"

ऐकून मला उगाच बरं वाटलं. काळजीवाली मी एकटीच नव्हते.

तिनं ब्रश ओला केला. बाई गं, नको. सगळा काठ चकचकीत कर, पण एवढं राहू दे. हे पुसलंस तर माझी लेक येईल, हुंगेल आणि आई आता नाही असं समजून निघून जाईल.

"आई, ही कुणाची शी?"

"पाणमांजराची असणार. खवलं दिसतायत बघ माशाची."

"आपण ज्याला वाचवतोय, तेच?"

"हो गं बाई, तेच. सरक आता, घासू दे मला."

मुलगी सरकली नाही. खडकाला पाठ लावून उभी राहिली.

"मग त्यानं शी करायची कुठे?"