मागे फिरणारी शेवंती

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावी टाउनहोमांमागे पावसाचं पाणी वाहून नेणारा सिमेंटचा कालवा आहे. रविवारी सकाळी त्याच्या काठावर सत्तरएक माणसं हात जोडून उभी होती. शेवंतीचं फूल पाण्यात पडे, जरा पुढे जाई आणि चक्क उलटं वळून जलानंद महाराजांच्या पायांशी येई.

"पाणी व्हायब्रेशन ओळखतं," महाराज माइकवरून सांगत. "फूल परत आलं की समजा, आजार गेला." ज्याचं येत नसे त्याची श्रद्धा कमी, विषय संपला.

नेत्राचा जीव थाऱ्यावर नव्हता. गुरुवारी प्रतिमाकाकूंचं फूल परत आलं आणि त्याच दिवशी त्यांनी इन्सुलिन बंद केलं. आज चौथा दिवस. ओठ सुकलेले, पाण्याची बाटली सारखी तोंडाला. डॉक्टरांचं नाव काढू देत नव्हत्या.

काकूंकडे राहून नेत्रा पीएचडी करत होती. उघड्या कालव्यातलं खळाळतं पाणी कॉम्प्युटरवर वाहवून बघायचं, हाच तिचा विषय. तिने याच कालव्याचं गणित मांडलं, तर पडद्यावर पाणी मुकाट सरळ गेलं. मग ती चिडून टेप घेऊन स्वतः आत उतरली. पुलाखालून बाहेर पडताच कालवा एकदम रुंद होत होता. नकाशात ते नव्हतंच. नवं माप घातलं आणि महाराज उभे राहतात तिथेच काठालगत भोवरा उमटला. मधलं पाणी पुढे, काठाचं मागे.

"तुझ्या कॉम्प्युटरला भक्ती कळते का गं?" काकूंनी विचारलं होतं.

"नाही ना, काकू. तरी त्याला महाराजांची जागा बरोबर सापडली."

आता नेत्राने पुढे होऊन काठालगत संत्र्याची साल टाकली. साल गिरकी घेऊन थेट महाराजांच्या पायांशी आली.

"महाराज, सालीला कुठला आजार होता?" प्रतिमाकाकूंच्या यजमानांनी, गिरीशकाकांनी, शांतपणे विचारलं. गर्दीत खसखस पिकली. महाराज निगेटिव्ह एनर्जीबद्दल काहीबाही बोलले आणि माइकची वायर गुंडाळू लागले.

काकू मात्र हसल्या नाहीत. डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन त्यांनी मधल्या झोतात फूल सोडलं. ते गेलं ते गेलंच. त्या नेत्राकडे वळल्या.

"शुगरचं मीटर आणलंयस?"

आकडा चारशेच्या वर होता. हॉस्पिटलला न्यायला नेत्राने गाडी काढली. आत बसण्याआधी काकू बायकांकडे वळल्या.

"देवाला रोज हात जोडा, मीही जोडते. पण औषध सोडा असं कुणी म्हटलं, तर आधी जागा बदलून फूल टाकून बघा. आणि तेही औषध चालू ठेवून."