न बोलणाऱ्या आजोबांशी सराव

"आजोबा, तुमचं गाव कोणतं?" सिस्टरने परक्या भाषेत विचारलं आणि त्यांची पाठ पुसता पुसता ती उत्तरासाठी थांबली. उत्तर येणार नव्हतं. आजोबा कित्येक आठवडे बेशुद्ध होते.

"छान! माझं गाव लहान आहे," तिने धड्यातलं पुढचं वाक्य म्हटलं.

इतका सभ्य श्रोता तिला घरी मिळाला नसता. क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं, "लाजू नका, दिसेल त्याच्याशी बोला." त्याच क्लासला जाणारा तिचा धाकटा दीर पोस्टमनपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांशी बोलला. त्याचं एकही वाक्य धड नसे, पण त्याचं दुःख ऐकणाऱ्याला. सासूबाई म्हणत, "पोपटासारखा बोलतो हो!"

तोच धडा सिस्टरने भांडी घासताना म्हटला, तेव्हा त्या म्हणाल्या, "काय गं पुटपुटतेस? लोकांना वाटेल, सासूला शिव्या देतेय."

नवऱ्याने हा प्रश्न वर्तमानपत्रात डोकं खुपसून सोडवला. मग उरले आजोबा.

परदेशी इस्पितळातल्या नोकरीसाठी तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती. पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी विचारलं, "कशा आलात?"

"बसने आले." उच्चार इतका सुरेख, की परीक्षक खूश होऊन पुढे सरसावले.

"अरे वा! गर्दी होती का?"

आजोबांनी असं मध्येच कधी काही विचारलं नव्हतं. प्रश्न तिला अगदी स्वच्छ कळला. ती सवयीने थांबली, समोरच्याला पुरतं बोलू दिलं आणि म्हणाली, "छान! माझं गाव लहान आहे."

परीक्षक भले होते. त्यांनी पुन्हा काही विचारलं, तिने पुन्हा अदबीने पुढचं वाक्य म्हटलं. असं करत करत धडा संपला.

दीर पास झाला. त्याने म्हणे परीक्षकांना बोलूच दिलं नाही.

"अहो, घरात बोलायचं ना कुणाशीतरी!" क्लासच्या बाई हळहळल्या.

"हो बाई," सिस्टर म्हणाली.

दिराची परदेशी जायची बॅग तिनेच भरली. तो दारात उभा राहून त्या भाषेत ऐटीत काहीतरी म्हणाला. वाक्य मोडकंतोडकं होतं, पण स्वेटर वर ठेवायला सांगतोय हे तिला कळलं.

"काय म्हणाला गं?" सासूबाईंनी कौतुकाने विचारलं.

तिने स्वेटर वर ठेवला आणि बॅगेची चेन लावली.