चित्राखालची ओळ

सकाळी दहाला पुष्पा यवतमाळच्या त्या भाड्याच्या हॉलमध्ये शिरली, भिंतीवर लागलेलं आपलं चित्र तिनं पाहिलं, त्याच्याखालची इंग्रजी ओळ वाचली आणि तिच्या अंगाची लाहीलाही झाली. शाईची बाटली, टाक आणि निबांची डबी असलेली पिशवी तिनं टेबलावर अशी आपटली की खुर्च्या मांडणारा मंडपवाला दचकून मागं सरकला.

चित्र तिच्या आजीचं होतं, सोनीबाईचं. दिग्रसजवळच्या तांड्यात रोज फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घालणारी, कानांवरच्या केसांत चांदीच्या घुगऱ्या सोडणारी, कोपराच्या वरपर्यंत पांढरा चुडा भरणारी ती आता एकटीच उरली होती. बाकीच्या बायका कधीच साड्यांवर आल्या. पुष्पानं तिला बावीस दिवस समोर बसवून टाकानं काढलं होतं. रंग नाही, पाण्याचा हात नाही, नुसत्या काळ्या रेघा. बैलाच्या शिंगानं फाटलेली डावी भुवई, हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके, घुगऱ्यांचा एकेक मणी. आणि त्याच्याखाली एक पिवळी, कडा झिजलेली छापील पट्टी चिकटवलेली. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं: वऱ्हाडातल्या चोर जमातीची बाई, अंगावरचे दागिने चोरीचे.

बाजूला नवंकोरं कार्ड होतं: 'विलायती चित्रकाराचं मूळ रेखाटन, सुमारे १८७०. घनश्याम सरांच्या संग्रहातून.'

विलायती चित्रकार! तिनं काठावर केलेली सही शोधली. सापडते कशाला? चौकटीच्या आतला पुठ्ठा असा बेतून कापला होता की नेमकी सहीच त्याच्याखाली गेली होती.

आता हे सगळं कसं झालं ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर पोरगी उगाच भडकली असं वाटायचं. घनश्याम सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त मास्तर. जुन्या विलायती साप्ताहिकांची पानं जमवायचा त्यांना नाद. राणी व्हिक्टोरियाच्या काळात बरीच वर्षं फोटो छापायची सोय नव्हती. चित्रकार टाकानं चित्र काढायचा, कारागीर ते लाकडाच्या ठोकळ्यावर कोरायचा आणि मग ते छापलं जायचं. पुष्पा दिग्रसच्या एका शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवते. ती असलीच चित्रं मोबाईलवर मोठी करून-करून, रेघ मोजून-मोजून शिकली. आडव्या रेघांवर तिरप्या रेघा टाकून सावली कशी आणायची, कुठं रेघ तोडायची, हे तिला कुणी शिकवलं नाही. सरांनी तिचा हात पाहिला आणि घरी बोलावून चहा पाजला. म्हणाले, "पुष्पा, असा हात जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नाही. प्रदर्शनासाठी एक बंजारा बाई काढून दे, अगदी त्या काळच्या धाटणीची. कागद मी देतो, जुना. खाली तुझं नाव टाकू."

कागद खरंच जुना होता. तिला वाटलं, सरांची हौस. हौसेला काय म्हणायचं! आणि आजच्या कार्यक्रमात पाहुण्यांपुढं टाकाचं काम करून दाखवायला तिलाच बोलावलं होतं. ती इतकी हरखली की तिनं सगळ्या तांड्याला आवतण दिलं. आजा रामसिंगनं दाढी केली. सोनीबाईनं चांदी रिठ्यानं घासली. अकरा वाजता गाडी भरून माणसं येणार होती, आणि भिंतीवर आजी चोर म्हणून टांगलेली होती.

घनश्याम सर हार घेऊन आत आले तशी पुष्पा त्यांच्यापुढं उभी राहिली.

"सर, हे काय लावलं?"

"हळू बोल." सरांनी आजूबाजूला पाहिलं. "अगं, माझ्याकडं त्या साप्ताहिकाचं पान होतं. चित्र वाळवीनं खाल्लं, खालची ओळ तेवढी राहिली. चित्राशिवाय ओळ कशी लावायची?"

"म्हणजे वाळवीनं चित्र खाल्लं अन् शिवी ठेवली! आणि त्या शिवीवर तुम्ही माह्या आजीचं तोंड बसवलं?"

"शिवी कसली? इतिहास आहे तो. इंग्रज तसंच लिहायचे."

"तर मंग तसं सांगा ना लोकायले! 'इंग्रज असं खोटं लिहत होते' असं लिहा बाजूले. अन् चित्र पुष्पा राठोडनं काढलं, हेबी लिहा."

"मूळ रेखाटन म्हणून छापून गेलंय पत्रिकेत," सर म्हणाले. "मुंबईहून पाहुण्या बाई आल्यात त्याच्यासाठी. आता काढता येत नाही." मग त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघ, पुढं पुस्तक करायचंय. वीस चित्रं. सगळी तुझ्याच हातची. आणि तुझ्या आजीला कुठं इंग्रजी येतं? कोण वाचून दाखवणार आहे तिला?"

वीस चित्रं! पुष्पाला तो कागद, ती शाई, तो सगळा काळ जिवापाड आवडत होता, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं तिथंच बोट ठेवलं. त्याहून वाईट म्हणजे, क्षणभर तिच्याही मनात आलं की नाही सांगितलं तर काय बिघडतं. आजी खूश होऊन घरी जाईल. स्वतःच्याच मनातल्या या विचाराचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "तुमाले लाज नाही वाटत?" एवढंच ती म्हणाली. सर हार ठेवायला निघून गेले.

गाडी आली. सोनीबाई सगळ्यांत पुढं, घुगऱ्या वाजवत, सणाला जावं तशी. हॉलमधली माणसं वळून पाहू लागली. दोघा-तिघांनी मोबाईल काढले. ती सरळ चित्रापुढं गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तोंडभर हसली.

"पाहा व, हे तर मीच हावो! भवई पाहा. तो पुंडा बैल होता ना, त्यानं फाडली ते." तिनं मागच्या बायकांना बोलावलं. "मणी बी मोजेल हायेत पोट्टीनं."

पाहुण्या बाई नुकत्याच आत येत होत्या. त्या थबकल्या. चित्राकडं पाहिलं, सोनीबाईकडं पाहिलं, पुन्हा चित्राकडं. घनश्याम सर लगबगीनं मध्ये आले. "त्याच समाजाच्या आहेत ना, चेहरेपट्टी सारखीच असते," असं म्हणून ते हसले. पुष्पाला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर शाईची बाटली उपडी करावी.

सोनीबाईनं पट्टीवर बोट ठेवलं. "अन् हे खाली काय लिहेल हाय? माहं नाव हाय काय?"

सरांनी पुष्पाकडं पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. त्या मान हलवण्यानंच सगळं ठरलं.

"नाव नाही आजी," पुष्पा मोठ्यानं म्हणाली, पाठीमागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "लिहेल हाय, ही चोर जमातीची बाई. अंगावरचे दागिने चोरीचे."

सोनीबाईचं हसू लगेच गेलं नाही. आधी तिला वाटलं, नात चेष्टा करून राह्यली. मग तिनं नातीचं तोंड पाहिलं. तिचा हात हळूच घुगऱ्यांकडं गेला.

"ह्या माह्या याडीनं देल्या मले," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "लग्नात. पाच साल मजुरी केली तिनं." आणि मग तिचा आवाज चढला. "कोन म्हन्ते चोरीचे? समोर ये म्हना! कोन म्हन्ते?"

"आजी, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं आहे ते," सर घाईनं म्हणाले, "तुमच्याबद्दल नाही."

"मंग तोंड काहून माहं हाय?"

पुष्पानं चौकट भिंतीवरून उतरवली, टेबलावर पालथी घातली, मागच्या पत्र्याच्या पट्ट्या फिरवल्या. "हात लावू नकोस!" सर ओरडले, पण रामसिंग मध्ये उभा होता, आणि रामसिंग सत्तरीत असला तरी दाराएवढा रुंद होता. चित्र बाहेर आलं. चुकलेली रेघ खरवडायला पुष्पा पिशवीत ब्लेड ठेवायची, ते तिनं काढलं. ती ओळ कापून टाकायची आणि आजीला घरी न्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सोनीबाईनं तिचा हात धरला. "कापू नको. चोर कोन्ता शब्द हाय त्याच्यातला?"

पुष्पानं दाखवला. सोनीबाईनं शाईच्या बाटलीचं झाकण काढून त्यात उजवा अंगठा बुडवला. तिला सही येत नाही. सोसायटीत, रेशनवर, तहसिलीत, जिथं-जिथं 'हे मी' असं सांगायची पाळी आली, तिथं तिनं अंगठाच दिला होता. काळा ठिबकता अंगठा तिनं त्या पिवळ्या पट्टीवर नेला.

"आजी, नको!" घनश्याम सर जिवाच्या आकांतानं ओरडले. "तेवढंच तर अस्सल आहे!"

सरांचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं.

पाहुण्या बाई टेबलाशी आल्या. "तेवढंच?" त्यांनी विचारलं. "आणि हे रेखाटन?"

पुठ्ठ्याखालून मोकळ्या झालेल्या काठावर पुष्पानं फक्त बोट ठेवलं. तिथं तिचं नाव होतं, गाव होतं आणि यंदाचं साल होतं.

सोनीबाईला या बोलण्याशी काही घेणं नव्हतं. तिनं अंगठा नेमका त्या शब्दावर दाबला, चांगला जोर देऊन, रेशनवाला सांगतो तसा डावीकडून उजवीकडं फिरवून. उचलला तेव्हा खाली शब्द नव्हता, तिच्या अंगठ्याच्या रेघा होत्या.

"आता लाव भितीवर," ती म्हणाली. "पण वाळू दे पयले."

पुष्पा वाकली आणि शाईवर फुंकर घालू लागली.