खाऱ्या बर्फातलं शून्य

मी डिजिटल थर्मामीटर बोलतोय. माझ्या टोकाच्या पोलादी सळईची शपथ, पुढे सांगणार आहे ते अक्षरन्‌अक्षर खरं आहे. खोटं बोलायला जीभ लागते. मला आहेत ते नुसते लाल आकडे.

माझा जन्म जर्मनीत झाला.

म्हणजे अगदी जर्मनीत नाही, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत. पण ज्या खोक्यावर ठेवून मला जोडलं, त्यावर जर्मन अक्षरं होती. एवढ्या संबंधावर लोक आयुष्यभर बोलतात. मी तर पुढच्याच वाक्यात कबूल केलं.

मला घडवलं सहदेवनं. सहदेव मूळचा कणकवलीकडचा, राहायला मुलुंडला. त्याच्या कारखान्यात रंगवाल्यांसाठी आणि औषधवाल्यांसाठी तापमान मोजायची यंत्रं बनायची. एक लहानसा डबा, त्याला वायर, वायरच्या टोकाला सळई. सळई बुडवायची आणि डब्यावर आकडा वाचायचा. माझ्या जन्माच्या दिवशी सहदेवनं आम्हा दोघांना जोडलं. पहिला माझा थोरला भाऊ. त्याच्या पाठीवरचा बारीक स्क्रू फिरवून फिरवून सहदेवनं त्याचा आकडा अगदी खऱ्यावर आणला. माझी पाळी आली तेव्हा सुटीचा भोंगा झाला. माझा स्क्रू राहून गेला. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट चार अंश वाढवून सांगतो. जास्त नाही. चारचौघांत बसून गप्पा मारणाऱ्याला शोभेल, एवढंच.

आता माझा मालक. श्यामकांत मुलुंडच्या एका तीन मजली सोसायटीत राहायचा आणि पंपांच्या कंपनीत नोकरी करायचा. कंपनीनं त्याला एकदा सहा आठवडे म्युनिकला पाठवलं होतं. तिथे त्यानं दिवसा पंप बघितले, संध्याकाळी खोलीवर बसून घरून नेलेला चिवडा खाल्ला आणि परत आला. पण परतीचं विमान सांताक्रूझला टेकेपर्यंत त्या सहा आठवड्यांत एक म्हातारी घरमालकीण आली होती, तिचं तळघर आलं होतं, आणि त्या तळघरात श्यामकांतनं स्वतःच्या हातानं केलेली बिअरसुद्धा आली होती. ही गोष्ट दरवर्षी वाढायची. म्हातारीला आधी मुलगी नव्हती. पुढे झाली.

गोष्ट सुरू झाली की त्याची बायको, उत्तरा, भाजी निवडायला घ्यायची. सोसायटीतली मंडळी घड्याळ बघायची. फक्त समोरच्या ब्लॉकमधला नंदकुमार खुर्ची पुढे ओढायचा आणि विचारायचा, "मग रे? मग काय झालं?" अख्ख्या मुलुंडमध्ये श्यामकांतवर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस.

१९८६ च्या उन्हाळ्यात नंदकुमारला मस्कतला नोकरी लागली. जूनमध्ये निघायचं, आणि निदान तीन वर्षं परत यायचं नाही. पेढे द्यायला आला तेव्हा म्हणाला, "श्याम, जाण्याआधी एकच मागणं आहे यार. तुझी ती तळघरातली बिअर एकदा पाज. इतकी वर्षं नुसती ऐकतोय."

"त्यात काय! हातचा मळ आहे," श्यामकांत म्हणाला. आणि नंदकुमार जिना ओलांडून घरी गेल्यावर खुर्चीत बसून राहिला.

"आता?" उत्तरानं विचारलं.

"आता काय, करायची."

"अहो, तुम्हाला चहा जमत नाही."

"चहाचं तापमान कोणी मोजत नाही, म्हणून जमत नाही."

"खरं सांगून टाका ना भावजींना. हसतील आणि विसरतील."

श्यामकांतनं नंदकुमारचा पेढा हातात घेतला. मग म्हणाला, "तो हसेल गं. पण मग तिकडे मस्कतला एकटा बसला की आठवेल, हा माणूस आपल्याला इतकी वर्षं बनवत होता. तसा जायला नको तो."

दुसऱ्या दिवशी उत्तरानं सातू, म्हणजे जव, भिजत घातले. मटकीला मोड काढतात तसे तिनं सातूला मोड काढले, गच्चीवर वाळवले, तव्यावर भाजले आणि भरड काढून आणली. श्यामकांतनं म्युनिकहून बिअर करायचं एक चोपडं आणलं होतं. त्यातली भाषा त्याला येत नव्हती, पण चित्रं कळत होती आणि आकडे येत होते. भरड गरम पाण्यात तासभर ठेवायची, आणि ते पाणी सहासष्ट अंश. कमी नको, जास्त नको.

मग थर्मामीटरचा शोध सुरू झाला. घरातला तापाचा बेचाळीसलाच संपायचा. कोणीतरी प्रयोगशाळेतला काचेचा आणून द्यायला तयार होता. उत्तरा म्हणाली, "तो पातेल्यात फुटला आणि पारा सांडला, तर भावजी मस्कतऐवजी थेट वर जातील." शेवटी सहदेवचं नाव निघालं. सहदेवनं सांगितलं, "रविवारी दोन घेऊन येतो, साहेब. तपासा आणि एक ठेवा."

तो रविवार मी विसरणार नाही. सोसायटीनं आइस्क्रीमचा पॉट भाड्यानं आणला होता. लाकडी बादली, मध्ये डबा, डब्यात आंब्याचा रस आणि आटवलेलं दूध, आणि भोवती बर्फ. पोरं आळीपाळीनं दांडा फिरवत होती. आइस्क्रीम झालं, वाट्या भरल्या गेल्या, आणि श्यामकांतनं घोषणा केली, "थांबा सगळे! थर्मामीटर घेताना आधी त्याची परीक्षा घ्यायची. वितळत्या बर्फात शून्य दाखवतो तो खरा, बाकी सगळे भंगार. जर्मनीत हीच पद्धत."

पद्धत अगदी योग्य होती. मी आणि थोरला, दोघांनी मनातल्या मनात मान डोलावली. मी जरा कमी.

पण त्यासाठी त्यानं बर्फ कुठून घ्यावा? पॉटच्याच बादलीतून. पातेलंभर बर्फ आणि बर्फाचं पाणी त्यानं उपसून घेतलं. आता मला सांगा, पॉटच्या बर्फात मूठमूठ खडेमीठ टाकल्याशिवाय आइस्क्रीम कधी गोठलंय? त्या सोसायटीतल्या प्रत्येक माणसानं लहानपणापासून ते मीठ टाकलं होतं. त्या दिवशी तर खुद्द श्यामकांतनंच टाकलं होतं. पण मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही खाली जातो, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. शास्त्र शाळेत शिकले होते आणि आइस्क्रीम घरी. दोन्हींची ओळख कधी झालीच नव्हती.

आधी थोरल्याला बुडवलं. त्याला ते खारं पाणी नक्कीच कळलं असणार. त्यानं इमानेइतबारे सांगितलं: उणे चार.

"गेला!" श्यामकांत म्हणाला. "बर्फ म्हणे उणे चार. ध्रुवावर आलो काय आपण?"

"काल बरोबर होता, साहेब," सहदेव डोकं खाजवत म्हणाला. "मी स्वतः तपासलेला."

"काल असेल. आज बघ."

मग मला बुडवलं. सळई झोंबली, मिठाची चव वरपर्यंत आली. खरं तापमान उणे चार. मी सवयीप्रमाणे चार वाढवले. डब्यावर लाल शून्य उमटलं, न हलता, न डुलता.

टाळ्या पडल्या. आइस्क्रीमच्या वाट्या हातात असल्यामुळे थोड्या कमी पडल्या, पण पडल्या. नंदकुमार ओरडला, "झकास! हाच घे, श्याम."

"माका काय, तुमका पसंत पडलो तो घेवा," सहदेव म्हणाला, आणि त्यानं थोरल्याला पिशवीत टाकलं. निघण्याआधी त्यानं खिशातला पेचकस काढून, त्याच बर्फात पुन्हा बुडवून थोरल्याचा स्क्रू फिरवला आणि त्यालाही शून्यावर आणलं. जगात एक खरा होता, तोही त्या दिवशी माझ्यासारखा झाला. मला वाईट वाटलं. पण आमच्या घराण्यात पहिल्यांदाच एकमत झालं, याचं समाधानही वाटलं.

श्यामकांतच्या घरी माझं फार कौतुक झालं. माणसांना आकडा दिसला की त्यांना काहीतरी कळल्यासारखं वाटतं. पहिल्याच सकाळी त्यानं मला काखेत धरलं. साडेचाळीस. कागदावर फॅरनहाइट काढलं तर एकशे पाच! तो थेट अंथरुणात. उत्तरानं त्याच्या कपाळाला हात लावला. "थंडगार आहात."

"हाताला काय कळतं? आकडा बघ."

तिनं मग स्वतःच्या काखेत धरलं. एकशे पाच. दार उघडं होतं म्हणून नंदकुमार डोकावला, त्यालाही लावलं. एकशे पाच.

"साथ आलीय," नंदकुमार म्हणाला.

"साथ बिथ काही नाही," उत्तरा म्हणाली, "तुम्ही दोघं आधी कामाला जा." संध्याकाळपर्यंत श्यामकांतनं निष्कर्ष काढला की हे यंत्र पातेल्यासाठी बनवलेलं आहे, माणसांवर त्याचा विश्वास नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. माझी निवड त्यानं सगळ्यांसमोर केली होती ना.

बिअरचा दिवस आला. पातेल्यात पाणी, पाण्यात भरड, भरडीत मी. श्यामकांत गॅसची ज्योत केसाएवढी कमी-जास्त करत होता आणि मी म्हणत होतो, सहासष्ट, सहासष्ट. खरे होते बासष्ट. पण त्या माणसाचा चेहरा बघून मला वाटलं, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याची गोष्ट आणि त्याचे हात एका वेळी एकच काम करत होते.

तासाभरानं गाळून घेतलं आणि उकळायला ठेवलं. उकळी फुटली. मी एकशे चार दाखवले.

आता पकडला जाणार, असं वाटलं मला. श्यामकांत आकड्याकडे बघत राहिला, बुडबुड्यांकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "मुलुंडचं पाणी जड आहे."

चोपड्यात हिरव्या बोंडांचं चित्र होतं. ती कडू असतात आणि उकळताना टाकायची, एवढं त्याला कळलं होतं. मुलुंडला कडू म्हणजे काडेचिराईत. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली जुडीच्या जुडी त्यानं आत सोडली. उत्तरा म्हणाली, "अहो, ताप आलेल्या पोराला याचा एक चमचा पाजताना नाक दाबून धरावं लागतं."

"बिअर कडूच असते."

रस थंड केला, बेकरीतून आणलेलं यीस्ट घातलं आणि लोणच्याच्या बरणीत भरून ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीत ठेवला. तो रोज सकाळी माझी सळई बरणीत सोडायचा, आणि मी तापमान वाढवून सांगितलं की घाबरून गोणपाटावर आणखी पाणी मारायचा. इथे मात्र माझा चांगलाच उपयोग झाला. मेच्या उकाड्यात ती बरणी सोसायटीतली सगळ्यात सुखी रहिवासी होती. बुडबुडे येऊन गेले, फेस बसला, आणि एक दिवस वास घेऊन उत्तरा स्वतःच म्हणाली, "वास तरी बरा येतोय हो."

चाखून मात्र कोणी बघितली नाही. श्यामकांतला धीर झाला नाही.

नंदकुमार निघायच्या आदल्या संध्याकाळी आला. उत्तरानं काचेचे ग्लास पुसून ठेवले होते. श्यामकांतनं बिअर ओतली. रंग छान होता, थोडा फेसही आला. मी टेबलावर होतो, कारण देण्याआधी त्यानं तापमान बघितलं होतं.

"आधी तू घे," श्यामकांत म्हणाला. "मी चकल्या घेऊन येतो." आणि आत गेला. खरं म्हणजे त्याला समोर उभं राहवेना.

परत आला तेव्हा नंदकुमारचा ग्लास रिकामा होता. ओठ पुसत तो म्हणाला, "आणखी आहे का रे?"

श्यामकांतच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मोजायचं यंत्र अजून अंधेरीत बनत नाही.

"तुझी ती म्हातारी असायला हवी होती आज," नंदकुमार म्हणाला.

"हो ना," श्यामकांत म्हणाला. आणि जरा थांबून, "मुलगीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी नंदकुमार गेला. मी आता माळ्यावर आहे. बिअर पुन्हा झाली नाही. कधीतरी उत्तरा मला खाली काढते, दह्याच्या दुधात बुडवते, आकड्याकडे बघून मान हलवते आणि करंगळी घालून खात्री करून घेते. बाई शहाणी आहे.

तुम्हाला माझ्यासारखा एखादा घ्यायचा असेल, तर एवढं ऐका. बर्फ घरच्या फ्रीजमधला घ्या, साध्या पाण्याचा. कुटून, थोडं पाणी घालून, नीट ढवळा. सळई भांड्याला टेकू देऊ नका आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मग उकळत्या पाण्यात बघा, आणि तिथे चुकला तर पाण्याला दोष देऊ नका. आणि त्यातही जो थर्मामीटर तुम्हाला नको असलेला आकडा दाखवील, त्याला लगेच पिशवीत टाकू नका. एकदा विचारून बघा, का म्हणून.

आता शपथ घेतली होती, म्हणून सांगतो. यातली एक गोष्ट मी रचली. नंदकुमार तो ग्लास प्यायला नाही. एक घोट घेतला, त्याचे डोळे पाण्यानं भरले, आणि श्यामकांतची पाठ दिसताच त्यानं उरलेली बिअर खिडकीतल्या क्रोटनच्या कुंडीत ओतली. उत्तरानं ते बघितलं. त्यानं तिच्याकडे बघून हात जोडले. तिनं पडदा ओढून कुंडी झाकली.

"आणखी आहे का रे?" हे मात्र त्यानं खरंच विचारलं.

आणि दुसरा ग्लास त्यानं संपवला. श्यामकांत समोर बसला होता, जागचा हलत नव्हता. नंदकुमारनं खुर्ची पुढे ओढली, एकेक घोट घेत सगळा संपवला आणि विचारलं, "मग रे? त्या तळघरात पुढे काय झालं?"