पुसलेली ओळ

त्रिफैनाच्या हातावर पांढरे डाग दिसले, तेव्हापासून ती अलेक्झांड्रियाबाहेर तलावाकाठच्या झोपडीत राहत होती. दर शुक्रवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ सब्बतायोस वाटेतल्या दगडापर्यंत जाई, भाकरी आणि खारवलेल्या मासळीची टोपली तिथं ठेवी आणि मागं सरकून उभा राही. मग ती बाहेर येई.

आपल्या ज्यू पूर्वजांचा इतिहास तो ग्रीकांसाठी ग्रीक भाषेत लिहीत होता. चार दिवसांनी ग्रीक मंडळींपुढं वाचन होतं. आधी ताईला ऐकवायचं, हा त्याचा शिरस्ता; म्हणून त्या शुक्रवारी तो दुरूनच वाचू लागला.

तान्ह्या मोशेला टोपलीत घालून नदीत सोडलं आणि बहीण मिर्याम लव्हाळ्यात उभी राहून पाहत होती, इथं त्रिफैना हसली.

"माझ्यासारखीच. टोपलीवर डोळा."

पुढं वाळवंट आलं. मोशेबरोबर मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, बाहेर पडलेल्या लोकांचा तांडा एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला निघाला.

"थांब," ती म्हणाली. "इथं मिर्यामला कोड फुटतं. तिला छावणीबाहेर ठेवतात. ती परत येईपर्यंत कुणी पाऊल उचलत नाही. तुझा तांडा तर चालायलाच लागला."

"ताई, कोडी होतो म्हणून मिसरातून आपल्याला हाकललं, असं हे लोक आधीच बोलतात. आयतं कोलीत कशाला द्यायचं?"

"आणि लोकांनी देव सोडून सोन्याचं वासरू पुजलं, ते?"

"तेही गाळलं."

"म्हणजे मी आणि वासरू एका दावणीला."

तो गुंडाळीची कड नीट करू लागला.

"कोड नको लिहूस," ती म्हणाली. "लोक तिच्यासाठी थांबले, एवढंच लिही."

"का थांबले, असं विचारतील."

"विचारू देत की."

त्यानं तिथंच बसून समासात ओळ लिहिली. वाचनाच्या सकाळी ओल्या स्पंजानं पुसली.

वाचन चांगलं झालं. लिकोन नावाच्या म्हाताऱ्या शिक्षकानं शेवटी विचारलं, "ती टोपलीपाशी उभी राहिलेली मुलगी. पुढं काय झालं तिचं?"

"तिच्याबद्दल पुढं फारसं काही नाही."

"अरेरे. मला तीच आवडली होती."

शुक्रवारी त्रिफैना दगडाजवळ आधीच येऊन थांबली होती. त्याला पाहून ती मागं सरली. त्यानं टोपली दगडावर ठेवली आणि तोही मागं झाला.

"लोक का थांबले, विचारलं कुणी?"

"नाही," सब्बतायोस म्हणाला. ते खरं होतं.

"बघ. उगाच घाबरत होतास." तिनं टोपली उचलली. "लोक थांबले, तिथूनच वाच आज."

त्यानं गुंडाळी उघडली, समासातल्या करड्या डागावर नजर ठेवली आणि ती ओळ म्हणून दाखवली.